मॅडमनी दिवे वाढवले

सभेच्या खोलीत दिवा लावायला हल्ली भिंतीकडे जावं लागत नसे. भिंतीवरची बटणं काढून, भोकं बुजवून, वर रंगाचा हात फिरवून झाला होता. त्याऐवजी टेबलाच्या मधोमध एक काचेची पाटी आली होती. तिला सगळे पॅनेल म्हणत. दूरच्या माणसांना समोरच्या मोठ्या पडद्यावर आणायचं, त्यांचा आवाज कमीजास्त करायचा, छतावरच्या दिव्यांचं बघायचं, ही सगळी कामं त्या काचेवर नुसतं बोट टेकवून होत. मॅडमनी ते हौसेने घेतलं होतं आणि आज त्याच्याच जोरावर त्या आपलं ऑफिस वाचवायला बसल्या होत्या.

ऑफिसचं काम सूचना लिहिण्याचं. कुठलीही वस्तू विकत आणली की खोक्याच्या तळाशी घडी घातलेला एक कागद सापडतो. 'प्रथम झाकण काढावे', 'ओल्या हाताने स्पर्श करू नये' असं त्यावर छापलेलं असतं आणि तो वाचायच्या आत घरातलं कोणीतरी ओल्या हाताने झाकण काढलेलं असतं. तो कागद इथे लिहिला जाई. पण काम रोडावत चाललं होतं. आता दिवे बनवणारी एक मोठी कंपनी आपल्या सगळ्या दिव्यांचे कागद एकाच ठिकाणाहून लिहून घेणार होती. ते काम मिळालं तर ऑफिस तरणार होतं, नाहीतर पाटी उतरवायची वेळ येणार होती. हे मॅडमनी फक्त नवऱ्याला सांगितलं होतं आणि ऑफिसात कोणाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे ते सगळ्यांना माहीत होतं.

खोलीत मॅडमच्या एका बाजूला चित्रकार बाई होती. कागदावरची बटणं आणि ती दाबणारे हात ती काढायची. दुसऱ्या बाजूला हिशेबनीस होते, दर विचारला तर सांगायला. मुख्य संपादकांना मात्र मुद्दाम बाहेर ठेवलं होतं. हे संपादक म्हणजे मॅडमचे सख्खे मामा, आणि म्हणून अख्ख्या ऑफिसचेच मामा. मराठीवर त्यांचा जीव, पण समोरचा बोलत असताना मध्येच त्याचं व्याकरण सुधारायची त्यांना खोड होती. मागच्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी "तुमचं काम राहू दे, आधी तुमची विभक्ती सांभाळा" असं तोंडावर सांगितलं होतं. ते गिऱ्हाईक पुन्हा दिसलं नाही.

पडदा उजळला आणि दिवेकंपनीचे साहेब अवतरले. बरेच दिवस झोप न मिळाल्यासारखे त्यांचे डोळे लाल होते.

"नमस्कार. माझा आवाज येतोय ना?"

"अगदी स्वच्छ येतोय साहेब," मॅडम म्हणाल्या.

"तुमचाही येतोय. पण तुम्ही दिसत नाही नीट. तिघांचे चेहरे काळवंडल्यासारखे वाटतायत. जरा दिवे वाढवता का?"

"हो, हो, लगेच."

मॅडम पॅनेलकडे वळल्या. सभा चालू असताना त्यावर चार चौकोन असत: 'दिवे लावा', 'दिवे वाढवा', 'मौन' आणि 'सभा आटोपा'. बसवणाऱ्या माणसाने इंग्रजी नावांऐवजी मराठी घालून देतो म्हटल्यावर मॅडमनी त्याला मामांकडे पाठवलं होतं. त्यानंतर ती नावं बघायला त्यांना सवड झाली नव्हती आणि गरजही पडली नव्हती. रिकाम्या खोलीत माणूस शिरला की दिवे आपोआप लागत, शेवटचा बाहेर पडला की आपोआप जात. आज पहिल्यांदाच दिव्यांच्या चौकोनांना कोणाचं तरी बोट लागणार होतं.

"आमचं तत्त्वच आहे साहेब," पडद्यावरची नजर न हलवता मॅडम बोलल्या, "सूचना अशी पाहिजे, की वाचणाऱ्याचं बोट चुकीच्या बटणाकडे जाताच कामा नये."

आणि त्यांनी 'दिवे वाढवा'वर बोट टेकवलं.

खोलीत मिट्ट काळोख झाला. खिडक्यांचे पडदे आधीच ओढलेले होते. समोर फक्त साहेबांचा उजळलेला चेहरा उरला आणि तोही 'आ' वासलेला. पॅनेलनेही डोळे मिटले.  इतक्या मोठ्या माणसासमोर आपण असं काय केलं, हेच मॅडमना कळेना.

"लाइट गेली!" चित्रकार बाई ओरडली.

"लाइट नाही, फेज गेला," अंधारातून हिशेबनीसांचा शांत आवाज आला. "पडदा चालू आहे, म्हणजे त्याचा फेज शाबूत आहे. दिव्यांचा गेला. थांबा, मी बघतो. माझे मेव्हणे वायरमन होते."

विजेचं ज्ञान असं सासरकडून मिळतं की नाही हा प्रश्न विचारण्याची ती वेळ नव्हती. हिशेबनीस चाचपडत बाहेर गेले, पॅसेजमधल्या बोर्डापाशी पोचले आणि सभेच्या खोलीचा खटका त्यांनी खाली ओढून पुन्हा वर केला. साहेब पडद्यावरून अदृश्य झाले. पॅनेल कण्हल्यासारखं वाजलं, पहिल्यापासून सुरू झालं, आणि सुरू होताना दिवे लावून मोकळं झालं.

"आला फेज!" हिशेबनीस दारातून विजयी मुद्रेने आत आले. चित्रकार बाईने त्यांच्याकडे इतक्या आदराने याआधी कधीच पाहिलं नव्हतं, पगाराच्या दिवशीसुद्धा नाही.

साहेबांना पुन्हा बोलावून घेतलं गेलं.

"काय झालं हो एकदम?"

"काही नाही साहेब, जरा फेज गेला होता."

"पण मला तुमचा आवाज येत होता. कोणीतरी मेव्हण्यांबद्दल बोलत होतं."

"तो आवाज वेगळ्या फेजवर आहे," हिशेबनीसांनी खुलासा केला. साहेब स्वतः दिव्यांच्या धंद्यातले. त्यांनी तोंड उघडलं, मग मिटलं, आणि विषय पुढे नेला.

पुढची काही मिनिटं फार छान गेली. मॅडमनी आपल्या कामाची पद्धत सांगितली. हिशेबनीसांनी दर सांगितला आणि साहेब दचकले नाहीत. चित्रकार बाईने रंगाची वाटी बाजूला सरकवून एक ताजं चित्र उचललं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं.

"हा उशाशी ठेवायचा दिवा, आणि हे त्याचं गोल फिरणारं बटण. अंगठा कुठे ठेवायचा तेही दाखवलंय."

"चित्र चांगलं वाटतंय," साहेब पुढे झुकले, "पण अंगठा दिसत नाहीये. मघाचंच, उजेड कमी पडतोय."

"वाढवते साहेब," मॅडम म्हणाल्या. फेज तर आता आलेला होता. त्यांनी निर्धास्तपणे 'दिवे वाढवा' दाबलं.

पुन्हा तोच काळोख. या वेळी चित्रकार बाई "अगं आई गं!" म्हणून अशी उडाली, की रंगाची वाटी कलंडली. काहीतरी गार आणि ओलं टेबलावरून वाहत मॅडमच्या मांडीवर आलं. ते पाणी आहे की रंग, आणि रंग असला तर कुठला, हेही अंधारात कळेना.

"पुन्हा फेज!" हिशेबनीस म्हणाले, पण या वेळी त्यांच्या आवाजात मेव्हण्यांवरचा विश्वास थोडा ढळला होता.

चित्रकार बाईचा हात चाचपडताना पॅनेलला लागला आणि ते जागं झालं. चारही चौकोन अंधारात चमकू लागले.

"मॅडम, हे चालू आहे! आता दाबा पटकन!"

"थांब, वाढवते," म्हणून मॅडमनी बोट रोवलं. पॅनेलने पुन्हा डोळे मिटले.

"ते दुसरं दाबून बघू या का? 'दिवे लावा' म्हणून?"

"अगं, लावलेलेच होते ना! लागलेत, पण कमी पडतायत. वाढवायलाच पाहिजेत!" मॅडमनी काचेवर टकटक केलं. पॅनेल उठलं, त्यांनी 'वाढवा' दाबलं, पॅनेल झोपलं. पुन्हा उठलं, पुन्हा 'वाढवा', पुन्हा झोपलं. पडद्यावर साहेब हे सगळं बघत होते. त्यांना दिसत एवढंच होतं, की अंधारात मधूनच एका बाईचा घाबरलेला चेहरा उजळतो, ती काहीतरी दाबते आणि नाहीशी होते.

"अहो, तुम्ही ठीक आहात ना?" साहेबांचा आवाज कापरा झाला. "तिथे कोणाला बोलावू का मी?"

तोवर हिशेबनीस पुन्हा बोर्डाकडे धावले होते. घाईत त्यांनी शेजारचा खटका खाली ओढला. तो मामांच्या खोलीचा होता. लगेच आतून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला आणि मामा तणतणत बाहेर पडले.

"कोणी केला हा आचरटपणा? एका शब्दावर अडलो होतो, आत्ता सुचत होता!"

"मामा, फेज गेलाय," हिशेबनीस म्हणाले.

"फेज नाही, तुमचं डोकं गेलंय. तुमचा हात आहे त्या खटक्यावर," असं म्हणून मामांनी खटका वर केला आणि सभेच्या खोलीचं दार उघडलं. मामांना बाहेर ठेवायचं होतं हे त्या क्षणी कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. पॅसेजमधल्या उजेडात त्यांना भाची दिसली. तिच्या साडीवर मोठा निळा डाग होता आणि चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"अगं, सभा चालू असताना दिवे कशाला वाढवलेस?" मामांनी विचारलं.

"वाढवतेच आहे मघापासून! वाढतच नाहीयेत!"

"वाढलेत की. डोळ्यांसमोर वाढलेत."

"मामा, चेष्टा करू नकोस रे! साहेब बसलेत समोर!" ऑफिसात मामांना 'तुम्ही' म्हणायचा नियम मॅडमनी स्वतःच केला होता, पण धक्क्यात तो गळून पडला. "इथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाहीये, आणि तू म्हणतोस वाढलेत?"

"दिसत नाहीये, म्हणजेच वाढलेत!"

"वाढले असते तर दिसलं नसतं का?"

"वाढल्यावर कसं दिसेल?"

चित्रकार बाई एकदा मामांकडे आणि एकदा मॅडमकडे बघू लागली. मामांना एवढ्या वर्षांत कोणी भ्रमिष्ट म्हटलं नव्हतं, पण आज तिला तशी शंका आली. पडद्यावरचे साहेबही कानाला हात लावून ऐकत होते. 'मौन' हे बटण कोणी दाबलेलं नव्हतंच.

मामांनी कपाळाला हात लावला आणि वर्गात सांगावं तसं सांगायला सुरुवात केली. "दिवा विझवला म्हणू नये. कानाला बरं लागत नाही. बंद केला म्हणावं, तर बंद पडतं ते यंत्र. म्हणून दिवा वाढवला म्हणायचं. दुकानदार रोज संध्याकाळी दुकान वाढवतो, म्हणजे काय वर मजले चढवतो? तुझी आई हातातली बांगडी फुटली की वाढली म्हणायची, तेव्हा बांगडी काय मोठी व्हायची?"

"म्हणजे..." मॅडमनी आपल्या बोटाकडे पाहिलं. "म्हणजे 'दिवे वाढवा' म्हणजे दिवे घालवा?"

"घालवा नव्हे. वाढवा."

"आणि हे तू बटणावर लिहिलंस?"

"मग काय 'ऑफ' लिहू? आपल्या ऑफिसात?"

मामांनी पॅनेलला हात लावून ते जागं केलं आणि 'दिवे लावा' दाबलं. लख्ख उजेड पडला. उजेडात निळं टेबल, निळी साडी आणि दारात अपराध्यासारखे उभे असलेले हिशेबनीस दिसले. संपलं सगळं, असं मॅडमच्या मनात आलं. सूचना लिहिणाऱ्या ऑफिसच्या मालकिणीला आपल्याच टेबलावरची दोन शब्दांची सूचना कळली नव्हती, आणि हे गिऱ्हाइकाने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"एक मिनिट," पडद्यावरून आवाज आला. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "तुम्ही आम्हाला नमुना लिहून पाठवला होता. या उशाशी ठेवायच्या दिव्याचा. त्यातलं 'झोपण्यापूर्वी दिवा वाढवावा' हे वाक्य कोणाचं?"

"माझं," मामा कॅमेऱ्यासमोर येत म्हणाले. "का? ऱ्हस्वदीर्घ चुकलं का कुठे?"

साहेब मटकन खाली बसले.

"अहो, दिवा बाजारात आणण्याआधी आम्ही तो आमच्याच माणसांच्या घरी वापरायला दिला. तुमच्या कागदासकट. सगळ्यांनी कागद वाचला, झोपायच्या वेळी बटण फिरवून दिवा होता नव्हता तेवढा वाढवला, आणि त्या लख्ख उजेडात टक्क डोळे उघडे ठेवून पडून राहिले. सकाळी सगळ्यांची एकच तक्रार, की हा दिवा झोप उडवतो. इंजिनिअरांनी काच बदलली, रंग बदलला, आतलं सगळं उसकटून पाहिलं. मी स्वतः उशाशी घेऊन झोपलो. म्हणजे झोपलो नाही. आमची ही तर चाचणी संपेपर्यंत बहिणीकडे राहायला गेली. दिव्यात दोष आहे म्हणून तो मोडीत काढायचा कागद माझ्या टेबलावर पडलाय, आज सही करणार होतो मी!"

मॅडमनी टेबलाची कड घट्ट धरली. त्यांना ते वाक्य आठवलं. पाठवण्यापूर्वी त्यांनीच ते वाचलं होतं.

"साहेब, मी वाचलं होतं ते," त्या कशाबशा म्हणाल्या. "मला वाटलं, तुमच्या दिव्यातच काहीतरी नवीन सोय असेल. उजेड वाढवला की झोप येते अशी."

"तुम्हालाही तसंच वाटलं!" साहेब म्हणाले. मग कुठल्यातरी नव्या विचाराने त्यांचे लाल डोळे आणखी मोठे झाले होते.

"अरे देवा," ते हळूच म्हणाले. "आई."

"काय झालं तुमच्या आईंना?" चित्रकार बाईने घाबरून विचारलं.

"तिलाही दिला होता एक दिवा. तिने कागद वाचला, बटण उलटं फिरवून दिवा बंद केला आणि घोरायला लागली. मी तिला म्हणालो, आई, तुला साधी सूचना वाचता येत नाही. आणि तिचं नाव चाचणीतून काढून टाकलं. सूचना समजत नाही, असा शेरा मारून." साहेबांनी घाम पुसला. "तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. जे काय असेल ते सुनेमार्फत. आणि सून बहिणीकडे, त्यामुळे सध्या काहीच नाही."

"आईंना माझा नमस्कार सांगा," मामा गहिवरून म्हणाले. "एवढ्या मोठ्या कंपनीत मराठी येणारं एक माणूस निघालं."

"मामा!" मॅडम ओरडल्या. पण साहेब रागावले नव्हते. त्यांनी समोरचा कुठलासा कागद उचलून सावकाश उभा फाडला. दिवा मोडीतून वाचल्याचं पहिलं सुख त्यांच्या चेहऱ्यावर पसरत होतं.

"काम तुमचं," ते म्हणाले.

मॅडमना आधी ऐकू आलं नाही, मग ऐकू आलं पण खरं वाटलं नाही. "काय म्हणालात?"

"सगळे दिवे, सगळे कागद. तुम्हीच लिहा. शब्द मामांनीच घालायचे, दुसरं कोणी नको. पण एक अट आहे, ती मी करारात घालणार. प्रत्येक कागद छापण्याआधी दोघींनी वाचायचा. माझ्या आईने, आणि मॅडम, तुम्ही. वाचून काही न विचारता बटण दाबायचं. दोघींनी एकच बटण दाबलं, तरच छापायचं."

"आईंचं समजलं," मॅडम चाचरत म्हणाल्या. "त्यांना भाषा येते. पण मी कशाला?"

"कारण आमचं सगळं गिऱ्हाईक तुमच्यासारखंच आहे हो! मी आज डोळ्यांनी पाहिलं. दिवा गेलाय, समोर दुसरं बटण चमकतंय, शेजारचं माणूस ते दाबा म्हणतंय, आणि तरी तुम्ही पुन्हा पुन्हा तेच दाबताय. असं नेमकं चुकणारं माणूस आम्ही किती दिवस शोधत होतो!"

ऑफिस वाचलं होतं. चित्रकार बाईने निळे हात जोडले, हिशेबनीसांनी दारातच डोळे टिपले. मॅडमना मात्र हसावं की रडावं समजत नव्हतं. आपल्या ऑफिसच्या भरभराटीचा पाया आपल्या अकलेवर नसून तिच्या अभावावर घातला गेलाय, आणि तोही करार करून, हा धक्का आधीच्या सगळ्या काळोखांपेक्षा मोठा होता.

"मान्य आहे साहेब," त्या अखेर म्हणाल्या.

"छान. आणि एक विनंती," साहेब म्हणाले. "करार संपेपर्यंत मामांकडून काही शिकू नका. थोडंसुद्धा नाही. तुम्ही शिकलात की आमच्या उपयोगाच्या राहिला नाहीत."

"त्याची काळजीच करू नका," मामा भाचीच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवून म्हणाले. "तेवढी हमी मी देतो."